एकाच नंबरचं बिग एंड बेअरिंग पुन्हा पुन्हा का जातं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर, उसाच्या दोन ट्रॉल्या ओढतो. हंगामाच्या तोंडावर इंजिनचं पूर्ण काम केलं, क्रँक वीसवर ग्राइंड केली (म्हणजे तिच्या पिन इंचाच्या वीस हजारांशाने बारीक केल्या). ६० तासांत दोन नंबरचं बिग एंड बेअरिंग (कनेक्टिंग रॉडचं मोठं तोंड क्रँकच्या पिनवर बसतं तिथलं) गेलं. क्रँक तीसवर नेऊन नवीन सेट बसवला, तर ४० तासांत परत दोन नंबरचंच गेलं. ऑइलचं घड्याळ प्रेशर बरोबर दाखवतंय आणि मिस्त्री म्हणतात बेअरिंग डुप्लिकेट आहेत.

दादा, तिसरा सेट आत्ता बसवू नका. ऊस तोडून पडलाय, टोळी बसून आहे, हे मला कळतं. तरीपण दोन दिवस थांबा, नाहीतर क्रँकच बदलायची वेळ येईल.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात २२ वर्षं क्रँक ग्राइंडिंगचं काम करतो. तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे दोन्ही वेळेला दोन नंबरच गेला. एक नंबर आणि तीन नंबरचे शेल (बेअरिंगचे अर्धगोल तुकडे) त्याच पाकिटातले होते, तेच ऑइल पीत होते, तोच पंप त्यांना ऑइल देत होता, आणि ते टिकले. बाजारात डुप्लिकेट माल आहे, नाही असं नाही, पण डुप्लिकेट सेट दोन्ही वेळेला नेमका दोन नंबरच कसा निवडेल? ऑइल खराब असतं किंवा पंप कमी पडत असता, तर त्याची खूण थोडीफार तिन्हीवर दिसली असती. म्हणून शोध दोन ठिकाणी घ्यायचा: क्रँकच्या आतून दोन नंबर पिनकडे जाणारी ऑइलची वाट, आणि दोन नंबरचा कनेक्टिंग रॉड.

आता घड्याळाचं. ऑइल पंपातून फिल्टरला, तिथून ब्लॉकच्या मेन गॅलरीत (ऑइलच्या मुख्य वाटेत), गॅलरीतून मेन बेअरिंगला (ब्लॉकमध्ये क्रँक धरणाऱ्या बेअरिंगला) आणि मेन बेअरिंगमधून क्रँकच्या आतल्या तिरप्या भोकातून पिनला जातं. बिग एंड या वाटेच्या शेवटी आहे. घड्याळ मात्र गॅलरीवर बसलेलं असतं. पिनकडे जाणारं भोक निम्मं बुजलं तरी घड्याळाचा काटा जागचा हलत नाही.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी राधानगरीकडची एक क्रँक आमच्याकडे आली होती. बेअरिंग धरलेलं (पिनवर जाम झालेलं) होतं. आम्ही पिन ग्राइंड केली, डिझेलने धुतली, कॉम्प्रेसरची हवा मारली आणि दिली. महिन्याच्या आत तीच क्रँक, तीच पिन परत. तेव्हा ऑइलच्या वाटेचं टोक बंद करणारा प्लग काढला, तर आतल्या कोपऱ्यात काळा गाळ आणि पहिल्या बेअरिंगच्या चकाकणाऱ्या कपच्या घट्ट बसल्या होत्या. क्रँक फिरताना जड कचरा बाहेरच्या बाजूला फेकला जातो आणि बंद टोकाला थापला जातो. नुसत्या हवेने तो हलत नाही. पुढे इंजिन तापलं की सुटून नव्या शेलवर येतो. ते बेअरिंग आमच्यामुळे गेलं होतं. पुढचं काम आम्ही पैसे न घेता करून दिलं, आणि तेव्हापासून प्लग काढून ब्रश फिरवल्याशिवाय एकही क्रँक आमच्या दारातून बाहेर जात नाही.

म्हणून माझा अंदाज सांगतो. तुमचं पहिलं बेअरिंग कशानेही गेलं असेल, दुसरं बहुतेक पहिल्यामुळे गेलंय.

तसंच रॉडचं. बेअरिंग धरतं तेव्हा रॉडचं मोठं तोंड प्रचंड तापतं आणि गोलाई सोडतं. दुसऱ्या वेळी क्रँक ग्राइंड झाली, पण रॉड कोणी मोजला का? विचारा. शेल न बसवता कॅप (मोठ्या तोंडाचा बोल्टने बसणारा सुटा अर्धा भाग) कंपनीच्या टॉर्कला आवळायची आणि बोअर गेजने उभं माप, मग दोन्ही बाजूंना तिरपं माप घ्यायचं. अर्ध्या थाऊपेक्षा जास्त फरक आला (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), तर रॉड रिसाइज करा (तोंड परत मापात गोल करून घ्या) किंवा बदला. रॉडवर निळसर डाग असेल तर मोजायच्या भानगडीत पडू नका, बदलाच. बोल्ट तर नवीनच घ्या.

आणि एक स्पष्ट विचारतो: कॅप घासली होती का? बेअरिंग सैल लागतंय म्हणून कॅप पॉलिश पेपरवर घासून ‘टाइट’ करायची पद्धत अजून चालू आहे. मला याचा मनापासून राग येतो, कारण नुकसान शेतकऱ्याचं होतं. कॅप घासली की तोंड अंडाकृती होतं, उभं माप कमी आणि आडवं तसंच. हाताने फिरवून बघितलं तर छान घट्ट वाटतं, पण लोडवर ऑइलचा थर टिकत नाही. रिसाइजमध्येही कॅपची जोडाची बाजू थोडी घेतात, पण त्यानंतर तोंड परत गोल करतात. फरक तिथे आहे.

जुने शेल टाकून दिले नसतील तर समोर ठेवून बघा. वरच्या शेलची एक कड आणि खालच्या शेलची विरुद्ध कड घासली असेल तर रॉड वाकलाय. दोन्ही शेल जोडाजवळ घासले असतील तर कॅप सरकलीय किंवा तोंड आवळलंय. पाठ चकचकीत किंवा काळी पडली असेल तर शेल रॉडमध्ये नीट आवळला गेला नव्हता, आतल्या आत हलत होता. फिरण्याच्या दिशेने पडलेल्या रेघा आणि रुतलेले कण म्हणजे कचरा. फक्त कडेला गोल घासलंय, तर पिनच्या कोपऱ्याची गोलाई आमच्यासारख्या ग्राइंडरवाल्याने जास्त ठेवलीय. कॅप आणि रॉडचे नंबर एकाच बाजूला आहेत ना, हेही बघा.

बाकीचं पटकन. पिनला तडा नाही ना, याची तपासणी करून घ्या. दोनदा तापलीय ती. क्लिअरन्स (पिन आणि शेलमधली फट) प्लास्टिगेजने, म्हणजे मधे दाबून फट मोजायच्या प्लास्टिकच्या धाग्याने, बघा: ६० मिलिमीटरच्या पिनला साधारण ०.०५ ते ०.०६ मिलिमीटर, पण शेवटचा शब्द तुमच्या मॉडेलच्या पुस्तकाचा. ऑइल कूलर असेल तर तो बदला, त्यातल्या कपच्या धुऊन निघत नाहीत. दोन नंबरला ऑइल देणाऱ्या मेन बेअरिंगचा भोक असलेला शेल ब्लॉकच्याच बाजूला आणि भोक जुळवून बसलाय ना, तेही पाहा.

जोडणी झाल्यावर चेंबर (खालची ऑइलची टाकी) लावायच्या आधी बाहेरून गॅलरीत प्रेशरने ऑइल सोडा आणि क्रँक हळूहळू फिरवत खालून बघा. तिन्ही रॉडच्या कडेने सारखं ऑइल गळायला हवं. दोन नंबरला थेंब थेंब आणि बाकी दोन्हीकडे धार असेल, तर तिथेच थांबा, चेंबर लावू नका. क्रँक परत काढा आणि प्लग उघडा.