व्हाइटबोर्डचं ॲप विकत घ्यावं का? आधी हे करून बघा

टीममध्ये तुम्ही तिघंच असाल आणि काम मुख्यतः फ्लोचार्टचं असेल, तर आत्ता एक रुपयाही भरू नका. ड्रॉ डॉट आयओ हे आकृत्या काढायचं ॲप उघडा आणि कामाला लागा. ते मोफत आहे, आणि फाइल तुमच्याच ड्राइव्हवर किंवा लॅपटॉपवर राहते. पीएनजी, म्हणजे चित्राची फाइल, काढताना आकृतीची प्रत त्यातच ठेवायचा पर्याय येतो, त्यावर आठवणीने टिक करा. पुढे तेच चित्र परत उघडून चौकोन, बाण सगळं हलवता येतं. नुसतं हाताने खरडून समजवायचं असेल तर एक्सकॅलिड्रॉ घ्या, मला ते फार आवडतं.

मिरो या ऑनलाइन व्हाइटबोर्डचे पैसे वसूल होतात ते वेगळ्या कामात. दर आठवड्याला दहाबारा जण एकाच बोर्डावर स्टिकी नोट लावतायत, मतं देतायत, तर खुशाल घ्या. तोवर त्याच्या मोफत योजनेतले तीन बोर्ड भरपूर आहेत.

नवीन माणसं हमखास चुकतात ती इथे:

- पहिल्याच आठवड्यात वर्षभराचे पैसे भरतात. आधी महिन्याचं घ्या.
- सगळ्यांना एडिटर करतात. शुल्क बहुतेक ठिकाणी माणशी असतं. ज्याला फक्त बघायचंय त्याला बघण्यापुरती लिंक द्या.
- प्रत काढून ठेवत नाहीत. गूगलचा जॅमबोर्ड हा व्हाइटबोर्ड २०२४ च्या अखेरीस बंद झाला, म्हणजे मोठ्या कंपनीचाही भरवसा नाही. महत्त्वाची आकृती झाली की लगेच पीडीएफ काढा.

टेम्प्लेट, इंटिग्रेशन (दुसऱ्या ॲपशी जोडणी) वगैरे सध्या बाजूला ठेवा. तुमच्या रोजच्या कामाची एकच आकृती पूर्ण काढा, टीमला दाखवा. कुठे अडलात ते सांगा, मग पुढचं बघू.