गाडीचा ०-१०० चा वेळ (० वरून १०० किमी/तास वेग गाठायला लागणारा) ब्रोशरमध्ये सापडत नाही? मग तो बघायचा कुठे?

भारतात साध्या हॅचबॅकच्या ब्रोशरमध्ये बहुधा पॉवर आणि टॉर्क एवढंच छापतात. त्यातही एकक बघा; १०० पीएस म्हणजे ९८.६ बीएचपी. कर्ब वेट (रिकाम्या गाडीचं वजन) अनेकदा गाळलेलं असतं, पण त्याच व्हेरियंटच्या कुणाच्याही आरसीवर ‘अनलेडन वेट’ सापडतं. पॉवरला टनांनी भागा: ९० पीएस, ९०० किलो, म्हणजे टनाला १०० पीएस. हा आकडा जितका मोठा, तितकी गाडी साधारणपणे चपळ.

मोजलेले वेळ ऑटो मासिकांच्या जीपीएस चाचण्यांत मिळतात. मॅन्युअल असेल तर ०-१०० पेक्षा तिसऱ्या गिअरमधला २०-८० आणि चौथ्यातला ४०-१०० बघा. घाटात ट्रक ओलांडताना तेच कामाला येतं. (चाचणीतल्या गाडीचा इंजिन-गिअरबॉक्स नेमका तुम्ही घेणार तोच आहे ना, हे आधी तपासा.)

टेस्ट ड्राइव्हला चौघं बसवा, एसी चालू ठेवा आणि मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्यात ४० वरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा भाग) असेल, तर तो खालच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन हळू फिरताना, झोपतो का, लगेच कळेल.