बायपासनंतरची अँजिओग्राफी आणि पुण्याला गेलेली फाइल

आपल्या वडिलांची बायपास होऊन अकरा वर्षे झाली आहेत, आता पुन्हा अँजिओग्राफी सांगितली आहे, आणि गुंतागुंत झालीच तर डॉक्टर काय करतात, असे आपण विचारले आहे. त्याआधी मीच विचारतो: बायपासच्या वेळची ऑपरेशन नोट आपल्याजवळ आहे का? मला डिस्चार्ज कार्ड अभिप्रेत नाही. कोणती नस कोठून काढून कोणत्या धमनीला जोडली हे ज्यावर लिहिलेले असते, तो कागद हवा.

आमच्या अण्णांची बायपास 2007 साली मिरजेत झाली. ते खानापूर तालुक्यातील मराठी शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, त्यामुळे त्यांनी एकूण एक कागद जपला होता. पण दुसरे मत घेण्यासाठी म्हणून आमचे दाजी ती फाइल पुण्याला घेऊन गेले आणि ती तिथेच राहिली. 2019 साली बेळगावात अँजिओग्राफी ठरली तेव्हा आमच्या हाती 'तीन ग्राफ्ट' (म्हणजे अडलेल्या धमन्यांना वळसा घालण्यासाठी जोडलेल्या तीन रक्तवाहिन्या) एवढीच एक ओळ होती. छातीच्या आतली डावी धमनी ग्राफ्ट म्हणून वापरलेली असल्यास तपासणी डाव्या मनगटातून करणे सोयीचे असते, कारण ती धमनी डाव्या हाताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतूनच निघते. अण्णांच्या डाव्या हातावर मात्र मनगटापासून कोपरापर्यंत व्रण होता, म्हणजे तिथली धमनीच ग्राफ्टसाठी काढलेली होती. म्हणून जांघेतून जावे लागले. दोन ग्राफ्ट सापडले. पायातली शीर कोठे जोडली आहे हे शोधण्यात सव्वा तास आणि पुष्कळ डाय (रक्तवाहिन्या एक्स-रेवर दिसण्यासाठी सोडतात ते औषध) खर्ची पडला. मूत्रपिंडाला त्याचा ताण पडतो; मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारे क्रिएटिनिन आधीच 1.6 होते, ते तिसऱ्या दिवशी 2.4 वर गेले. सलाईन देऊन, मधुमेहाची मेटफॉर्मिन थांबवून आणि लघवीचे माप ठेवून ते आठवड्याभरात उतरले.

खरा प्रसंग त्याच रात्री घडला. पाय सरळ ठेवून उताणे पडलेले अण्णा अकराच्या सुमारास "कंबर धरली" म्हणू लागले. जांघेवरची पट्टी कोरडी, पांढरीशुभ्र होती. इतके तास उताणे पडल्यावर कंबर धरणारच, रात्री डॉक्टरांना कशाला उठवायचे, असे म्हणून दाजींनी बामची बाटली काढली. मी कपाळाला हात लावला, तर घाम थंडगार होता. परिचारिकेने रक्तदाब घेतला, तो 80 भरला. रक्तस्राव बाहेर न येता पोटामागच्या पोकळीत होत होता. जांघेवर दाब देणे, रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने बंद करणे, सीटी स्कॅन आणि दोन बाटल्या रक्त, एवढ्यावर निभावले; न थांबल्यास आतून आवरणयुक्त स्टेंट (बाहेरून आवरण असलेली जाळीची नळी) बसवतात किंवा शस्त्रक्रिया करतात.

"बायपासमध्ये हृदयावरचे आवरण कापलेलेच असते, मग रक्त साठून हृदय दाबले जाण्याची भीती कसली?" हेही दाजींचेच शास्त्र, आणि ते साफ चुकीचे आहे. ते आवरण नंतर जागोजागी चिकटते. स्टेंट घालताना धमनीला छिद्र पडले तर रक्त एखाद्या कप्प्यात अडकते आणि थोडेसे असूनही हृदय दाबते, आणि बाहेरून सुई तिथवर पोचेलच असे नसते. म्हणून फुगा फुगवून छिद्र आतूनच दाबून धरतात, आवरणयुक्त स्टेंट घालतात, रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपरिनचा परिणाम प्रोटामिन या उताऱ्याने उतरवतात, आणि प्रसंगी छाती उघडतात. जुन्या शिरेच्या ग्राफ्टमध्ये स्टेंट घालताना गाळाचा चुरा पुढे वाहून प्रवाह अडतो, त्यासाठी शक्य असेल तिथे पुढे गाळणी ठेवतात आणि अडेनोसिनसारखी रक्तवाहिन्या सैल करणारी औषधे थेट ग्राफ्टमध्ये सोडतात. केवळ अँजिओग्राफीत हे दोन्ही प्रकार क्वचितच घडतात.

संमतीपत्र कन्नडमध्ये होते. परिचारिकेने ते मराठीत समजावून सांगितले, त्यात 'रक्तस्राव' हा शब्द होता, आणि सही माझी आहे. तरीही "बेळगावकरांनी घोळ केला" असे दाजी आजही लग्नकार्यात सांगतात. मी डॉक्टर नाही, आणि कागद असता तर रक्तस्राव टळलाच असता असेही म्हणू शकत नाही, कारण सुई जांघेत थोडी वर लागली तरी असे होऊ शकते. आपल्या वडिलांचे वय, मूत्रपिंड आणि चालू औषधे पाहून त्यांचा धोका त्यांचे डॉक्टरच सांगतील.

फाइल त्या वर्षी दिवाळीत परत आली. दुसऱ्याच पानावर, पायातली शीर उजव्या धमनीला जोडल्याचे एका ओळीत स्वच्छ लिहिलेले होते.