'अल फ्रेस्को' बसायचंय? विचार करा!

प्रश्न : पुढच्या महिन्यात रोमला जातोय. रेस्तराँत बाहेरचं टेबल इटालियनमध्ये सभ्यपणे कसं मागायचं? "अल फ्रेस्को" एवढं म्हटलं की भागतं ना?

नाही भागत! गच्चीवर चार छत्र्या उभारून "अल-फ्रेस्को सीटिंग"ची पाटी टांगणाऱ्या आपल्याकडच्या हॉटेलांनी हा घोळ घातलाय. इटालियन माणूस वाइनची बाटली अल फ्रेस्को ठेवतो, म्हणजे गारव्याला. पण एखादा माणूसच अल फ्रेस्को आहे असं ऐकलंत, तर तो बहुधा तुरुंगात आहे. आपण नाही का म्हणत, "तो सध्या आत आहे"? तसंच. थोडक्यात, तुम्हाला बसायचंय बाहेर आणि शब्द वापरताय आत बसलेल्याचा! वेटरला कळेल म्हणा, पर्यटकांकडून तो हे रोज ऐकतो. पण उघड्यावरच्या जेवणाचा हा अर्थ पक्का केला तो इंग्रजांनी, अठराव्या शतकापासून. खुद्द इटालियन लोक 'फुओरी' म्हणतात, नाहीतर 'आल्लापेर्तो'. आणि गंमत बघा, फुटपाथवरच्या त्या मांडणीला ते बऱ्याचदा 'देओर' म्हणतात. तो शब्द फ्रेंच!

तर म्हणायचं असं : "बुओनासेरा, सियामो इन दुए. व्होर्रेम्मो उन ताव्होलो फुओरी, से पोस्सीबिले." नमस्कार, आम्ही दोघं आहोत, जमलं तर बाहेरचं टेबल हवं होतं. 'व्होल्यो' नको, ते "पाहिजे!" म्हणून हात आपटल्यासारखं वाटतं. एकटे असाल तर 'व्होर्रेई'. 'व्होलेव्हो'ही चालतं, आणि ते तर सरळ भूतकाळी रूप आहे, हुबेहूब आपलं "हवं होतं". हवं आत्ता असतं, पण मागताना ते कालचं करून मागायचं. हा शहाणपणा दोन्ही भाषांना सुचलाय.

आता खरी मजा. तुरुंगाला 'गारवा' का म्हणावं? बरेच जण सांगतात, दगडी कोठड्या थंड असतात म्हणून. इतकं सरळ? मला नाही पटत. इटालियन महाकवी दान्तेच्या 'इन्फेर्नो'चा, म्हणजे नरकयात्रेच्या काव्याचा, बत्तिसावा सर्ग काढा. नरकाच्या तळाशी आग नाही, गोठलेलं सरोवर आहे, आणि विश्वासघातकी माणसं त्या बर्फात रुतलेली आहेत. त्यातला एक जण, १२६० च्या मोन्तापेर्तीच्या लढाईत फ्लोरेन्सला दगा देणारा बोक्का, दुसऱ्या एका फितुराचं नाव फोडतो आणि वर दान्तेला बजावतो : जगाला सांग, त्यालाही मी तिथंच पाहिला, जिथे पापी 'स्तान्नो फ्रेस्की', म्हणजे गारव्याला आहेत. काय कुजकट विनोद आहे! आजही इटालियनमध्ये "स्ताई फ्रेस्को!" म्हणजे "मग बस बोंबलत!" या वाक्प्रचाराचा धागा अनेकजण त्या ओळीशी जोडतात. मी आणखी पुढे जातो : तुरुंगाचा अर्थही तिथलाच. इटलीच्या उन्हाळ्यात गारवा हे सुख असतं. शिक्षेला सुखाचं नाव द्यायला आधी कुणीतरी तो उपरोध शिकवावा लागतो. कोठडीवाल्यांकडे याला उत्तर असेल तर त्यांनी द्यावं.

आणि भिंतीवरचं 'फ्रेस्को' आणखी वेगळं. तिथे 'ताजा' असतो तो गिलावा, ओला असतानाच रंगवायचा. म्हणून अजिंठ्याच्या चित्रांना 'फ्रेस्को' म्हणणाऱ्यांनीही जरा थांबावं, ती वाळलेल्या गिलाव्यावरची आहेत. मिलानमधलं लिओनार्दोचं 'शेवटचं भोजन'सुद्धा फ्रेस्को नाही. तिथे तेरा माणसं टेबलाच्या एकाच बाजूला बसलीत. अशी बैठक कुठल्या शब्दांत मागायची, हे मात्र मला विचारू नका.

हां, तुमचं टेबल. वेटर "प्रेगो, सी अक्कोमोदिनो" म्हणाला की बसा. नुसती कॉफी प्यायची असेल तर काउंटरवर उभ्यानेच प्या. टेबलाशी बसलात की तीच कॉफी बहुतेक ठिकाणी महाग पडते, मग बाहेर बसा की आत.