एम्प्रेस गार्डनसाठी काही करायचे असेल तर

चिरंजीवीस अनेक आशीर्वाद.

पुण्याच्या एम्प्रेस गार्डनसाठी काहीतरी करावे असे तुझ्या मनात आले, हे वाचून फार आनंद झाला. पहिल्या पगारातून आजोबांच्या नावाचे बाक द्यावे की एखादे रोप लावावे, असे तू विचारले आहेस. माझे मत असे की या दोन्हींच्या आधी बागेच्या देखभालीसाठी पैसे द्यावेत, आणि तेही झेपतील तेवढे, पण दरमहा.

ही सुमारे ३९ एकरांची बाग महापालिका नव्हे, तर १८३० साली स्थापन झालेली ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया सांभाळते. बाकावर नाव कोरता येते, म्हणून बाक देणारे भेटतात. माळ्यांचा पगार, पंपाची दुरुस्ती, वठलेली फांदी खालच्या माणसांना इजा न होता उतरवणे या खर्चावर कोणाचेच नाव लागत नाही, आणि जुनी बाग जगते ती मात्र याच खर्चावर. म्हणून देणगीला अट घालू नकोस. ती सर्वसाधारण देखभालीसाठी आहे, एवढेच सोबत लिहून दे. रक्कम बँकेमार्फत दे आणि पावती घे. आयकरात वजावट हवी असेल तर संस्थेची तशी नोंदणी आहे का, हे आधी विचार. २,००० रुपयांहून अधिक रोख दिल्यास वजावट मिळत नाही. तुझ्या कंपनीत सामाजिक दायित्वाचा निधी कोण पाहते तेही शोध, कारण कंपनी कायद्याप्रमाणे तो पर्यावरण आणि वारसा या दोन्हींसाठी खर्च करता येतो.

वेळ देण्याविषयी मला अधिक सांगायचे आहे. तिथली गारंबीची महावेल तू पाहिली असशीलच. तिच्या हातभर लांब शेंगा आणि जमिनीवरून वळत झाडांवर चढलेली जाडजूड खोडे पाहून मुले हरखतात आणि झोका समजून तिला लोंबकळतात. त्याने साल सोलवटते आणि त्या जखमेतून कीड व बुरशी शिरते. अशा वेळी नुसते ओरडून भागत नाही. रविवारी सकाळी दोन तास तिथे उभे राहून, खाली पडलेली शेंग मुलांच्या हातात देऊन ही वेल कशी वाढते ते समजावणारे माणूस हवे असते. ते काम तुला उत्तम जमेल.

त्याखेरीज पालापाचोळा न जाळता खताच्या खड्ड्यापर्यंत पोहोचवणे, नावाच्या पाटीची तार वाढत्या खोडात रुतली असल्यास दाखवून देणे, अशी कामे माळ्यांना विचारून करता येतील. कोयता मात्र स्वतःहून उचलू नकोस; शहरातील झाडांना १९७५ च्या कायद्याचे संरक्षण आहे आणि फांद्या छाटण्याचा निर्णय जाणकारांनी, रीतसर परवानगीनेच घ्यायचा असतो. रोप लावायचेच असेल तर जागा आणि जात त्यांनाच ठरवू दे, आणि पुढचे दोन-तीन उन्हाळे त्याला पाणी घालायची तयारी ठेव.

जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास तिथे पुष्पप्रदर्शन भरते. कुंड्या मांडण्यापासून गर्दीला वाट दाखवण्यापर्यंत तेव्हा बरेच हात लागतात, तेव्हा त्याआधीच कार्यालयात जाऊन भेट आणि नक्की कोणत्या वारी किती वेळ येणे जमेल, ते लिहून दे.