मित्रांसोबत फॅन्टसी सिनेमे बघताना त्यातला ख्रिस्ती अर्थ ओढूनताणून न काढता कसा शोधावा?

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी आहेत. पाच-सहा जणांच्या गटात निम्मे ख्रिस्ती नसताना अशी चर्चा कशी करायची, ही एक. आणि ज्या सिनेमांत जादू आहे ते बघावेत का, ही दुसरी. पहिलीवर जास्त लिहितो, कारण दुसरीचं बरंचसं उत्तर तिच्यातच आहे.

आधी "यात येशू कोण?" हा प्रश्न सोडून द्या. त्याने चर्चा दोन मिनिटांत आटोपते. कोणीतरी मरतो, परत येतो, सगळे "हाच तो" म्हणतात आणि बोलायला काही उरत नाही. त्याऐवजी विचारा: गोष्ट नेमकी कुठे फिरली? कोणाच्या कृतीमुळे फिरली? त्याची किंमत कोणी मोजली? याची उत्तरं द्यायला बायबल उघडलेलं असावं लागत नाही, त्यामुळे गटातला प्रत्येक जण बरोबरीने बोलतो. शास्त्रवचन नंतर आणा. आणि ते जिथे चपखल बसतं त्यापेक्षा जिथे बसत नाही तिथे जास्त रेंगाळा. खरी चर्चा तिथेच होते.

सुरुवातीला नार्निया मालिकेतला पहिला सिनेमा (२००५) घ्या. ज्या पुस्तकावर तो आधारला आहे ते सी. एस. लुईस यांचं, १९५० सालचं. लुईस स्वतः याला रूपककथा म्हणायला तयार नसत. त्यांची मांडणी अशी: समजा नार्नियासारखं जग खरोखर असतं आणि देवाचा पुत्र आपल्याकडे माणूस झाला तसा तिथे सिंह झाला असता, तर काय घडलं असतं? हे गटाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर लोक कपाट म्हणजे काय, दिव्याचा खांब म्हणजे काय, बीव्हर (नदीकाठी राहणारा प्राणी) जोडपं म्हणजे कोण, असं कोडं सोडवत बसतात. बीव्हर म्हणजे बीव्हरच.

दगडी चौथऱ्यावरचा प्रसंग मात्र उघड आहे. अस्लान म्हणजे तो सिंह. त्याची आयाळ कापतात, टर उडवतात, त्याला बांधून मारतात; मार्क १५ मधली सैनिकांनी केलेली थट्टा इथे आठवणारच. पहाटे तिथे लूसी आणि सुझन या दोन मुलीच असतात, तशा लूक २४ मध्ये कबरेपाशी स्त्रिया. चौथरा दुभंगतो, तसा मत्तय २७:५१ मध्ये मंदिराचा पडदा फाटतो. ही साम्यं पाच मिनिटांत उरकून टाका, कारण न बसणाऱ्या जागा त्याहून रंजक आहेत.

पहिली जागा: लूसी आणि सुझनचा भाऊ एडमंड फितुरी करतो. अस्लान एकट्या त्याच्यासाठी मरतो, आणि त्याच्या जिवावर हक्क सांगते ती नार्नियावर राज्य करणारी चेटकीण. म्हणजे किंमत तिला चुकवली जाते. येशूने आपला जीव खंडणी म्हणून दिला असं मार्क १०:४५ म्हणतं, पण कोणाला दिला ते तिथे लिहिलेलं नाही. चौथ्या शतकातले धर्मपंडित ग्रेगरी ऑफ निसा यांच्या मते ती सैतानाला दिली गेली आणि गळाला मासा लागावा तसा तो फसला. अकराव्या शतकाच्या अखेरीस धर्मपंडित अँसेल्म यांनी हे साफ नाकारलं: सैतानाचं माणसावर कसलंच देणं नाही, ऋण आहे ते देवाचं. सिनेमा यातल्या जुन्या मताकडे झुकतो. "एडमंडला सोडवायला चेटकिणीशी सौदा करायची गरज का पडली?" एवढं विचारा, हजार वर्षांचा वाद तुमच्या बैठकीत आपोआप सुरू होईल.

दुसरी जागा पुष्कळांच्या नजरेतून सुटते. चेटकिणीला मारल्यावर अस्लान रणांगणात "पूर्ण झालं" अशा अर्थाचं वाक्य म्हणतो. योहान १९:३० मध्ये हे शब्द येशू वधस्तंभावर, मरताना उच्चारतो. सिनेमाने ते उचलून शत्रू मेल्याच्या क्षणी ठेवले आहेत. विजय नक्की कुठे झाला, मरणात की लढाईत? माझ्या मते इथे सिनेमाची पकड सुटली आहे. तुमच्यातल्या कोणाला उलट वाटलं तर त्याला पुरतं बोलू द्या.

याच मालिकेतल्या २०१० च्या तिसऱ्या सिनेमात युस्टेस हा हावरट मुलगा ड्रॅगन होतो. तो पुन्हा माणूस होतो तो प्रसंग पुस्तकातून मोठ्याने वाचा आणि मग सिनेमातला बघा. पुस्तकात तो आधी स्वतःच कातडी सोलतो, एकदा नव्हे तीनदा, आणि दर वेळी खाली तसंच खवल्यांचं कातडं निघतं. मग सिंह स्वतःच्या नखांनी ते खोल फाडतो, त्याला पाण्यात टाकतो. सिनेमात सिंह त्याला हातही लावत नाही. लांबून वाळूत नखं ओढतो आणि कातडी गळून पडते. दिसायला छान, पण "माझं मला जमेना" हा भागच गेला. कृपा म्हणजे काय हे समजवायला त्या तीन फसलेल्या प्रयत्नांहून सोपं साधन मला माहीत नाही. सोबत रोमकरांस पत्र ७:१८-१९ वाचा.

आता 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'. तीन सिनेमे, २००१ ते २००३, चित्रपटगृहातली आवृत्ती प्रत्येकी तीन तासांच्या आसपास, शेवटचा २०१ मिनिटांचा. मूळ पुस्तकाचे लेखक टॉल्किन कॅथलिक होते. १९५३ मधल्या एका पत्रात त्यांनी ही मुळात धार्मिक आणि कॅथलिक कृती असल्याचं लिहिलं आहे. तरी रूपककथेचा त्यांना मनापासून तिटकारा होता. वाचकाने आपल्या अनुभवाला गोष्ट लावून बघावी, पण लेखकाने ती लादू नये, असं ते पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत म्हणतात. मिश्र गटासाठी याहून चांगला नियम नाही.

इथे ख्रिस्त एका पात्रात शोधाल तर फसाल. जादूगार गँडाल्फ खोल दरीत कोसळून उजळ होऊन परततो, फ्रोडो सगळ्यांसाठी ओझं वाहतो, म्हणजे वाईट शक्तीची अंगठी नष्ट करायला घेऊन जातो, ॲरागॉर्न परतणारा राजा आहे. तिघांत एकेक अंश आहे, पूर्ण कोणीच नाही. जाणकार पुस्तकातल्या तारखांकडेही बोट दाखवतात: मंडळी रिव्हेंडेलहून निघतात २५ डिसेंबरला आणि अंगठी नष्ट होते २५ मार्चला. २५ मार्च हा मरियेला देवदूताने संदेश दिल्याचा सण. जुन्या परंपरेत येशूच्या मरणाचाही तोच दिवस मानत. सिनेमात याचा मागमूस नाही, म्हणून माहिती सांगून पुढे सरका.

खरा धागा दयेचा आहे. पहिल्या सिनेमात मोरियाच्या अंधारात फ्रोडो म्हणतो, त्याचा वडीलधारा नातलग बिल्बो याने संधी होती तेव्हा गॉलमला, म्हणजे अंगठीच्या मोहाने झपाटलेल्या तिच्या जुन्या मालकाला, मारून टाकायला हवं होतं. गँडाल्फ त्याला सांगतो की बिल्बोच्या दयेवर पुढे अनेकांचं भवितव्य ठरेल. तिसऱ्या सिनेमाच्या शेवटी, अगदी कड्यावर, फ्रोडो अंगठी टाकायला नकार देतो. नायक हरतो. काम होतं ते जिवंत सोडलेल्या गॉलममुळे. पुस्तकात गॉलम आनंदाने नाचता नाचता तोल जाऊन पडतो. सिनेमात फ्रोडो त्याच्याशी झटापट करतो आणि दोघेही कड्यावरून जातात. या एका बदलाने देवाची योजना आणि माणसाची धडपड यातली रेघ पुसट होते. दोन्ही प्रसंग लागोपाठ दाखवा, मधे मत्तय ५:७ वाचा. दयाळू लोकांवर दया होईल हे वचन इथे कथानकाचा सांधाच आहे.

त्याच डोंगरावर फ्रोडोचा सोबती सॅम त्याला म्हणतो, ओझं मला वाहता येणार नाही, पण तुला उचलून नेता येईल. गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात दुसरं वचन एकमेकांची ओझी वाहा म्हणतं आणि पाचवं, प्रत्येकाने आपला भार स्वतः वाहावा. वाचणारे इथे अडखळतात. सॅमचं वाक्य त्या दोन वचनांच्या बरोबर मधे बसतं.

फसव्या खुणांपासून सावध राहा. हात पसरलेली आकृती, तेहतीस वर्षं वय, मागे क्रूस: हे कॅमेऱ्याला फार स्वस्तात पडतं. सुपरमॅनवरचा 'मॅन ऑफ स्टील' (२०१३) फॅन्टसीच्या कडेला बसतो, पण उदाहरण नेमकं आहे. नायक तेहतीस वर्षांचा. चर्चमध्ये बोलताना त्याच्या मागच्या रंगीत काचेवर गेथशेमाने बागेत प्रार्थना करणारा येशू. आणि शेवट शत्रूची मान मोडून. खुणा एक सांगतात, कथानक दुसरंच. अशा वेळी कथानकावर विश्वास ठेवा.

जादूबद्दल. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकात १८:१०-१२ मध्ये ज्या गोष्टींना मनाई आहे, म्हणजे शकुन बघणं, मंत्रतंत्र, मृतांना विचारणं, त्या खरोखर करण्याविषयी ती मनाई आहे. त्या गोष्टीत दाखवल्या तर चालतात का, यावर प्रामाणिक विश्वासणाऱ्यांत मतभेद आहेत आणि राहतील. मी बघतो ते एवढंच: ही शक्ती येते कुठून आणि ती धरणाऱ्याचं काय करते? प्रेषितांची कृत्ये ८ मधल्या जादूगार शिमोनाचा दोष हा की त्याला सामर्थ्य पैसे देऊन हवं होतं. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधली अंगठी चांगल्या हेतूने वापरली तरी माणसाला पोखरते, म्हणून गँडाल्फ ती हातातही घेत नाही. हॅरी पॉटरमध्ये खलनायक मरण टाळण्यासाठी खून करून आत्म्याचे तुकडे करतो, तर नायक निःशस्त्र मरणाकडे चालत जातो. सातव्या पुस्तकात (२००७) हॅरीच्या आईवडिलांच्या थडग्यावर १ करिंथ १५:२६ कोरलेलं आहे: शेवटचा शत्रू जो मृत्यू, तोही नाहीसा होईल. हॅरीला ते आधी खलनायकाचंच तत्त्वज्ञान वाटतं. त्याची मैत्रीण हर्मायनी सांगते की इथे अर्थ मरणापलीकडच्या जगण्याचा आहे. तरीही गटातल्या एकाचं मन जरी खात असेल तर सिनेमा बदला, वाद घालू नका. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय याच प्रसंगासाठी आहे.

प्रत्यक्ष बैठकीबद्दल. बोलावतानाच सांगा की सिनेमानंतर अर्ध्या-पाऊण तासाच्या गप्पा असतील आणि बायबलमधला उतारा वाचला जाईल. ज्यांना नको ते सिनेमा संपल्यावर निघू शकतात. हे लपवलं तर ख्रिस्ती नसलेल्या मित्राला आपण जाळ्यात सापडलो असं वाटतं, आणि पुढच्या वेळी तो येत नाही. एकाने सिनेमा आधी बघून दोन प्रसंगांच्या वेळा लिहून ठेवाव्यात. सिनेमा चालू असताना थांबवून बोलू नका. ते प्रवचन होतं आणि दिग्दर्शकाने बांधलेला ताण वाया जातो. संपल्यावर दहा मिनिटं काहीच नको, चहापाणी होऊ द्या. मग "कुठला प्रसंग डोक्यात राहिला?" पासून सुरुवात, आणि पहिली पाळी बायबल न वाचलेल्याची. जाणकाराने आधी तोंड उघडलं की बाकीचे उत्तर शोधायचं सोडून त्याच्या उत्तराला मान डोलावतात. त्यानंतर वरचे तीन प्रश्न, मग निवडलेला तीन-चार मिनिटांचा प्रसंग पुन्हा, मग उतारा, दहा-बारा वचनांहून मोठा नको. तीन तासांच्या सिनेमानंतर मात्र त्याच रात्री काही करू नका. सगळे पेंगुळलेले असतात. दुसऱ्या दिवशी बसा.

दोन-चार बैठका झाल्यावर, आणि गट प्रौढांचा असेल तरच, 'पॅन्स लॅबिरिंथ' (२००६) घ्या. १९४४ चा स्पेन, हिंसा भयंकर, मुलांना अजिबात दाखवू नका. तिथे एका मुलीला, जादूच्या राज्याचं दार उघडायचं तर तान्ह्या भावाचं थोडं रक्त सांडायला सांगतात आणि ती नाही म्हणते; दार उघडतं ते तिच्या स्वतःच्या रक्ताने. इथे कोणतीही खूण तयार हातात मिळत नाही, शेवट खरा की तिच्या मनातला हेही सिनेमा उघडं ठेवतो, आणि आज्ञापालन कधी मोडायचं यावर गटातले ख्रिस्तीच आपसात भांडतात.