पाठांतर पंधराव्या मिनिटाला संपलं

प्रश्न : कॉलेजात असताना मी वक्तृत्व स्पर्धांत बरेच करंडक मिळवले. सध्या एका क्लासमध्ये शिकवतो. नोकरी सोडून पूर्णवेळ व्याख्याता व्हावं, असं वाटतं. जमेल का? आणि मानधन मागितलं तर बोलावणारे दुखावतात का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : करंडकांचं मनापासून कौतुक. पण स्पर्धेतलं भाषण सात मिनिटांचं आणि व्याख्यान तासाभराचं. हा फरक मला भर सभेत कळला. माझं पहिलं व्याख्यान सावित्रीबाई फुल्यांवर होतं. पाठ केलेलं सगळं पंधराव्या मिनिटाला संपलं. मग तीच वाक्यं मी आवाज चढवून म्हणत राहिले. पहिल्या रांगेतल्या एक आजी नातीचा हात धरून उठून गेल्या. त्या अजून डोळ्यांसमोर आहेत.

नंतरची दोन वर्षं मी तेवढाच एक विषय वाचला. दुष्काळात, १८७७ साली, सावित्रीबाईंनी ओतूरहून जोतीरावांना पत्र लिहिलं होतं. चारा नाही, जनावरं मरताहेत, माणसं गाव सोडून चाललीत. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यात ते पत्र वाचून दाखवलं तेव्हा मागे उभ्या असलेल्या बायका पुढे येऊन बसल्या. त्या दिवशी मी आवाज अजिबात चढवला नव्हता.

नोकरी मात्र एवढ्यात सोडू नका. प्राचार्य शिवाजीराव भोसले फलटणच्या मुधोजी महाविद्यालयात असतानाच महाराष्ट्रभर बोलत होते. शिवाय या कामाला हंगाम असतो. ३ जानेवारी, १९ फेब्रुवारी, ११ आणि १४ एप्रिल या तारखांना एकाच दिवसाची पाच-पाच बोलावणी येतात, आणि पेरणीच्या दिवसांत फोन वाजत नाही. एका गावाला होकार दिला की बाकीच्यांना मी सरळ विचारते, 'पाच तारखेला ठेवता का?' निम्मे तरी तयार होतात.

मानधनाचं पहिल्या फोनवरच बोला. एका गावी मला शाल-श्रीफळ मिळालं, परतीच्या भाड्याचं कुणी नाव काढलं नाही. रात्री साडेअकराला स्टँडवर, पर्समध्ये चाळीस रुपये. तेव्हापासून मानधन किती, प्रवासखर्च वेगळा का, मुक्काम कुठे, हे तिन्ही मी आधीच विचारते. त्यामुळे एकही संयोजक तुटला नाही. उलट माईक आणि वेळही ते नीट सांभाळतात, असा माझा अनुभव आहे. बचत गटाच्या बायकांनी बोलावलं तर मी नुसत्या एसटीच्या तिकिटावर जाते, पण तेही फोनवरच ठरलेलं असतं.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. करंडक आहेत, आवाजाबद्दल आहे, हावभावांबद्दलही आहे. कशावर बोलणार, ते कुठेच नाही. तेवढं लिहून पाठवा, मग पुढचं बोलू.